आनंदरावांचं उंटाएवढं उर्दू

"उर्दू? हात्तिच्या! मोडीची वळणं कोळून प्यालोय मी. उर्दू काय, महिन्याभरात खिशात!" असं छातीठोक सांगून आनंदराव मास्तर पुण्याला ट्रेनिंगला निघाले. गोष्ट सन छत्तीसची, भोरात राजेसाहेबांचा अंमल होता तेव्हाची.

मुसलमान वस्तीतल्या मुलांसाठी शाळेत उर्दूचा वर्ग निघायचा होता. खोली होती, कोरी पुस्तकं होती, शिकवणाराच नव्हता. म्हणून हे ट्रेनिंग. पण मास्तर पडले चौकस! उर्दू उजवीकडून का लिहितात? ठिपके वर का, खाली का? त्यांच्या प्रश्नांपायी मौलवीसाहेब बिचारे पहिल्या धड्यापुढे सरकलेच नाहीत. महिन्याअखेर मास्तरांच्या पदरात एकच वाक्य पडलं : ‘शुतुर की गर्दन दराज़ है.’ म्हणजे, उंटाची मान लांब असते.

परतल्यावर सराव हवा, म्हणून मास्तर गेले नजीरकडे. नजीर कचेरीत पट्टेवाला. त्याची आई बद्रुन्निसा ओसरीवर तांदूळ निवडत होती. मास्तरांनी खाकरून, भुवया उंचावून वाक्य फेकलं, "शुतुर की गर्दन दराज़ है!"

नजीरला त्यातला एकच शब्द कळला. तो आईच्या कानाला लागला, "आये, मास्तर गर्दन मारायचं बोलत्यात!"

"गप! परीक्षा घ्यायलेत. आपल्याला उर्दू न्हाई आलं तर वर्ग काढनार न्हाईत. बोल कायतरी!"

नजीरला घाम फुटला. कचेरीत रोज कानावर पडणारे शब्द त्यानं एका दमात सोडले, "अर्ज दाखल! मुदत तमाम! जप्ती बरखास्त!"

आता घाम फुटला मास्तरांना. एकेक शब्द ओळखीचा, पण अर्थ लागेना! हेच ते उच्च दर्जाचं उर्दू! जप्ती कुणाची? बरखास्त का? कुतूहल काही बसू देईना. मास्तर रोज संध्याकाळी वस्तीत जाऊ लागले, उंटाची मान वेगवेगळ्या सुरांत लांबवू लागले. वस्तीही नजीरकडून शब्द घोकून तयारच!

आणि एक दिवस विद्याखात्याचे साहेब वर्गाची तयारी बघायला आले. वस्ती दाटीवाटीनं बसली. मास्तरांनी उंट सोडला. बद्रुन्निसा कडाडली, "कुलमुखत्यार! दरखास्त नामंजूर!"

"वाहवा!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "यांचं उर्दू तर पक्कं आहे! मग वर्गाचा खर्च कशाला? वर्ग रद्द!"

सगळ्यांचे चेहरे उतरले. बद्रुन्निसा मात्र पदर खोचून उठली. "सायेब, आमास्नी उर्दूतलं ओ का ठो येत न्हाई!"

"मग हे आत्ता काय होतं?"

"कचेरीतलं ऐकून ठोकलं! घरात आमी मराठीच बोलतो. पर माज्या सासऱ्याच्या कबरीवर काय लिवलंय, ते आमच्यात येकालाबी वाचता येत न्हाई. नातवंडांनी तरी वाचावं, म्हून ह्यो वर्ग पायजे."

साहेब मास्तरांकडे वळले. "तुम्ही यांना विचारलंत तरी काय?"

मास्तरांना अजून थाप मारता आली असती. पण बद्रुन्निसा त्यांच्याकडेच बघत होती. ते म्हणाले, "उंटाची मान लांब असते, एवढंच म्हणालो साहेब. मलाही दुसरं काही येत नाही."

"म्हंजी गर्दन मारायची न्हवती व्हय?" नजीर ओरडला.

साहेब इतके हसले, की पगडी सावरता सावरता पुरेवाट झाली. वर्ग राहिला, मास्तरांची मात्र पुन्हा ट्रेनिंगला रवानगी झाली. या खेपेला अख्खं वर्षभर!

निरोपाला सगळी वस्ती मोटारीपाशी जमली. बद्रुन्निसानं भाकऱ्यांचं गाठोडं हातात दिलं. मोटारीत चढता चढता मास्तरांनी विचारलं,

"आजी, पुण्याहून येताना काय आणू?"

"येक मास्तर आना," ती म्हणाली, "उर्दू येनारा. तुमी बी या, पर त्यो आना!"