भांडणात बसेल असा शब्द

आमच्या रंगनाथनानांना भांडताना शब्द अडला, की ते ज्याच्याशी भांडतात त्यालाच विचारतात.

म्हणजे कसं, ते ऐका. सकाळची वेळ. दोन घरांमधल्या भिंतीच्या अलीकडे नाना, पलीकडे मेहबूबचाचा. नाना गरजतात, "हमारा पिकेला सीताफल किसने तोड्या? तुमनेच तोड्या. मेहबूब, तुम तो एकदम..." इथं गाडी अडते. आवाज खाली येतो. "अरे, लाज विकून खाल्ली, ह्याला काय म्हणतात रे?"

"शरम बेच के खा गए," चाचा शांतपणे सांगतात.

"हां. शरम बेच के खा गए तुम." आवाज पुन्हा वर.

नव्या माणसाला हे वेड्यांचं गाव वाटतं. वाटू द्या. आमचं गाव दौलताबादच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर. खालून शहर चढत चढत पायथ्याला येऊन ठेपलंय. गावातली निम्मी घरं मराठी, निम्मी दखनी बोलणारी, आणि दोन्ही भाषा कळत नाहीत असं इथं कुत्रंसुद्धा सापडायचं नाही. भांडायचं तर समोरच्याच्या भाषेत, ही आमची जुनी रीत. म्हातारी माणसं सांगायची, आपल्या बोलीत बोललेलं खरं असतं, ते काळजात जाऊन बसतं. दुसऱ्याच्या बोलीतलं उंबऱ्याबाहेर राहतं, सांजच्याला झाडून टाकता येतं. त्यामुळे म्हणा नाहीतर आळसामुळे म्हणा, आमच्या गावातलं भांडण कधी कोर्टात गेलेलं नाही.

चाचांची भांडायची मराठी फर्मास. "नाना, तुझ्या जिभेला हाड नाय अन् डोक्याला कुलूप नाय," हे एका दमात. नानांची दखनी मात्र ऐकवत नाही. मी शहरात गुलमंडीत कापडाच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर गिऱ्हाइकांशी दखनी बोलतो. नानांचं ऐकून मला ताप भरतो. एकदा म्हणालो, "नाना, इतकी वर्षं झाली, जरा सुधारा की."

"भांडायला लागती तेवढी येती मला," नाना म्हणाले. "मला काय मुशायऱ्याला जायाचंय?"

भांडण कशावरून, तर सीताफळाच्या झाडावरून. ते कुणी लावलेलं नाही. एखाद्या पाखरानं बी टाकलं असेल, आणि झाडाला तरी अक्कल असावी ना, ते नेमकं भिंतीच्या दगडांतून वर आलं. नाना म्हणतात आमचं, चाचा म्हणतात आमचं. फळाचे डोळे उघडले, की जो आधी उठेल तो तोडतो. दुसऱ्याच्या घरी संध्याकाळच्या आत वाटीभर गर पोचतो, तोही "हा घ्या चोरीचा माल" म्हणून.

नाना तसे कशातच हार मानत नाहीत. "आपण मागं सरणार नाय," हे त्यांचं पालुपद. पत्त्यांत हरले तर पत्ते जुने होते. आरोग्यसेविकेनं घरी येऊन बीपी मोजलं, ते वाढलेलं निघालं, तर म्हणाले, "मशीन एवढा चढ चढून आलंय, त्यालाच धाप लागली असंल."

तो चढच शेवटी आडवा आला. गाडी मारुतीच्या देवळापर्यंत येते, पुढं नुसत्या दगडी पायऱ्या. चाचांच्या गुडघ्यांनी साथ सोडली. मुलगा चांगला आहे, तो बापाला शहरात, उस्मानपुऱ्यात, आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. दोन माणसांनी चाचांना खुर्चीत बसवून खाली नेलं, तेव्हा नाना भिंतीपाशी उभे राहून ओरडत होते, "जाओ, जाओ. अब झाड हमारा हुआ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना भिंतीपाशी आले, घसा खाकरला आणि तसेच उभे राहिले. पलीकडे कडी लावलेलं दार.

मग त्यांनी दुसऱ्या अंगाचा शेजारी म्हणून माझ्याशी भांडून पाहिलं. माझ्या छपराचं पाणी त्यांच्या ओट्यावर पडतं म्हणाले. मी मराठीत उत्तर दिलं, तर हिरमुसले. "तुझ्यासंगं मजा नाय विलास. तुझ्यासंगं भांडायचं तर मराठीत भांडावं लागंल, अन् ते खरं होऊन बसंल." काकू आतून म्हणाल्या, "भांडायला माणूस नाय, तर अन्न पचंना झालंय ह्यांना."

एक दिवस मी दुकानाला निघालो, तर नाना धुतलेला सदरा घालून, हातात पिशवी घेऊन खाली देवळापाशी माझ्या स्कूटरजवळ हजर. "उस्मानपुऱ्याला सोड."

"काय काम काढलं, नाना?"

"झाडाचा मुद्दा ऱ्हायलाय."

तेव्हापासून आठवड्यातनं एकदा हे ठरूनच गेलं. सकाळी मी त्यांना सोडतो, संध्याकाळी घ्यायला जातो. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दोघं दबक्या आवाजात भांडतात. सून खिडक्या लावून घेते. तीच मला एकदा जिन्यात म्हणाली, "भाई, अब्बा हफ्ताभर खिडकीकने बैठते, किसीसे बात नै करते. नाना आए तो दो रोटी जास्ती खाते." त्या खिडकीतून दिसतं काय, तर समोरच्या इमारतीची भिंत.

परवाची गोष्ट. यंदा झाड लगडलंय. नानांनी पिशवीभर फळं नेली होती. मी संध्याकाळी वर गेलो तेव्हा मुद्दा रंगात होता. "वो झाड हमारा, हमारे बाप का," नाना हात नाचवत होते. चाचा हातातलं सीताफळ नुसतं फिरवत होते. मग म्हणाले, "नाना, ले लो वो झाड. तुमाराच है. मेरेसे अब वो चढाव होता नै."

स्वतःच्या भाषेत बोलले. सून दारातच थांबली. नाना जे इतकी वर्षं मागत होते ते पदरात पडलं होतं, आणि त्यांचा चेहरा भर बाजारात खिसा कापला गेल्यासारखा झाला.

मग ते बोलले. मराठीत, हळू. "माझं नाय ते झाड, मेहबूब. मूळ तुझ्या अंगाला हाय. मला पहिल्यापासनं ठावं हाय."

चाचांनी मान वर केली.

"मी राखण करीन. पर झाड तुझं. तू सोडलं म्हनून मी घेनार नाय."

एवढं झाल्यावर दोघांनाही एकमेकांकडे बघता येईना. मी उगाच पिशवीची घडी घालत बसलो. शेवटी चाचांनीच विचारलं, मराठीत, "पाणी घालतो का त्याला?"

"घालतो की."

"लई घालू नको. मूळ सडंल. तुला अक्कल नाय त्यातली."

सुनेनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा ठेवायला आत गेली.

परत येताना नाना अख्ख्या रस्त्यात गप्प होते. मागं बसून कुणाला तरी नावं ठेवल्याशिवाय त्यांचा प्रवास होत नाही, म्हणून मला चैन पडेना. टेकडीच्या पायथ्याशी आलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"विलास, करमत नाय, ह्याला त्यांच्यात काय म्हणतात रे?"

मी गाडी हळू केली. "दिल नै लगता."

"हां." मग जरा पुढं वाकून, "भांडणात बसंल का ते?"

"बसेल, नाना. जरा जोरात म्हणा, म्हणजे झालं."

चढ लागला. मागून नाना पुटपुटत होते, "मेहबूब, तुमारे बिगर दिल नै लगता. दिल नै लगता." मधूनच, दटावल्यासारखा, आवाज चढवून बघत होते.