महादूकाकांचा हैद्राबादचा पार्टनर

कंट्रोलच्या तांदळाची लॉरी गावात शिरली की महादूकाका तिच्यापुढे नारळ फोडत. लॉरी सरकारची, तांदूळ सरकारचा, वाटणारा राजन्ना, रेशनचा डीलर. महादूकाकांचं त्यात काहीच नव्हतं. त्यांचं आपलं किराणा दुकान, आमच्या घराला लागून. दोन रुपये किलोच्या तांदळाने आसपासच्या वाण्यांची तोंडं पडली होती, आणि हे गृहस्थ लॉरीच्या चाकाला हळदकुंकू लावत होते!

मी तेव्हा गुडीहत्नूरजवळच्या त्या गावात मास्तर होतो. एकदा न राहवून विचारलं, तर काकांनी मला स्टुलावर बसवलं.

"मास्तर, जवारीच्या भाकरीले काय लागते? कांदा न मिरची. दोनी वावरात. मंग मी काय इकू, हवा? पन भात! भाताले वरन लागते, चिंचेचं सार लागते, फोडनीले तेल लागते. तांदुयात पैसे वाचले का मानूस सिद्दा माह्या दुकानात. सरकार भात देते, आपन चव देतो. हैद्राबादेत पार्टनर हाय माहा!"

तांदळावरचा सरकारी खर्च वाढल्याची बातमी पेपरात आली की ती ते मला मोठ्याने वाचायला लावत आणि मिशीवरून हात फिरवत. "कर लेका, खर्च कर. मी हावो ना अठी."

चवीचा राजा मीठ. ओट्यावरचं खड्या मिठाचं पोतं म्हणजे काकांचं निशाण. दुकान बंद झालं तरी ते बाहेरच असे, कारण मीठ कोणी चोरत नाही.

एका सकाळी मी शाळेत असताना दवंडी आली. सरकार हैद्राबादचं, म्हणून दवंडीवाला तेलुगूतच ओरडे. पुढच्या महिन्यात कार्डावर तांदळासोबत आणखी काय मिळणार, हे सांगताना नेमकी डफावर थाप पडली आणि काकांना ऐकू आलं, "उप्पु". उप्पु म्हणजे मीठ.

मी परत आलो तर काका पोत्याला टेकून बसलेले. "दगा देला, मास्तर, पार्टनरनं दगा देला. भात त्याचा, मीठबी त्याचंच? मंग मी कशाले?"

कार्डावर मीठ आल्यावर आपलं कोण घेणार, म्हणून दुसऱ्या दिवसापासून दुकानात मिठाची लूट सुरू झाली. तेल घ्या, मीठ फुकट. काडेपेटी घ्या, मीठ फुकट. नुसतं "कसं हाय काका?" म्हणा, मीठ फुकट. कोणी बादली आणली, कोणी हंडा. एक म्हातारी पाळणाच घेऊन आली.

"बुढे, पाळन्यात काऊन?"

"नातू चालाले लागला ना बाप्पा. रिकामाच हाय."

चार दिवसांत दुकानात मिठाचा खडा उरला नाही.

लॉरी आली. या खेपेला नारळ नाही, कुंकू नाही. काका रस्त्याकडे पाठ करून बसले. राजन्नाने पोत्याचं तोंड सोडलं आणि पिवळीधमक तुरीची डाळ बाहेर घरंगळली. काकांच्या मिठाची कथा त्याच्या कानावर आलेलीच होती. तो पोट धरून ओरडला, "उप्पु कादु, काका! पप्पु! पप्पु!"

पप्पु म्हणजे डाळ.

त्या दिवशी गावभर वरण शिजलं. वर्षात झाला नव्हता एवढा मिठाचा धंदा त्या एका महिन्यात झाला असता. पण घरोघर मीठ भरलेलं होतं, आणि तेही काकांचंच. सगळ्यांत मोठ्याने काकाच हसले. "पार्टनर इमानदार निंगाला, मास्तर. मीच बयताड!" म्हणत धोतर सावरून ते परत निघालेल्या लॉरीमागे नारळ घेऊन धावले.

घरी आलो तर माझ्या मायने वाटीभर मीठ माझ्या हाती दिलं. "साऱ्या गावाले वाटलं त्यानं. त्याच्या चुलीवर असन का? जाय, देऊन ये. हातात देऊ नको, भांडन होते. खाली ठेवजो."

काका जेवायला बसले होते. मी वाटी जमिनीवर ठेवली. ते म्हणाले, "कायले आनलं? मले लागत नाई. बस, दोन घास खा."

मी वरणभाताचा घास घेतला. अळणी. नुसतं कमी मीठ नव्हे, मीठ नव्हतंच.

"काकूले डाक्टरनं मीठ बंद केलं होतं ना," काका ताटात बघत म्हणाले. "ते एकटीच अळनी खाये. मले घास उतरेना. मंग मीबी सोडलं."

काकूंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

"मग आता काऊन, काका?"

त्यांनी भातावर वरण ओढलं. "मीठ घातलं त मंग तिच्या हातचं लागत नाई, मास्तर."

मग लगेच डोळे मिचकावले. "गावात सांगू नको. चव इकनारा मानूस आपन."

मी सांगितलं नाही. फक्त भरली वाटी तशीच परत नेली, आणि माय काय ते समजली. परवा काकांचं तेरावं झालं. पान मांडताना मीठ आधी वाढतात. त्यांच्या नावाचं पान मायने वाढलं. वरण, भात, सार, भाजी, सगळं वेगळ्या भांड्यातलं, तिने पहाटे एकटीने शिजवलेलं. पंगतीतून कोणीतरी ओरडलं, "माय, मीठ राह्यलं ना वो!"

मायने पानाचा तो मिठाचा कोपरा पदराने पुसून कोरडा केला आणि तसाच ठेवला.