मंगळवारी दहा वाजता

"रोज अडीचशे बसगाड्या वेळेवर सोडल्यात मी! एका आईचं काय घेऊन बसलात?"

बस डेपोतून निवृत्त झालेल्या थोरल्याने छाती फुगवली खरी, पण आतून तो धास्तावला होता. खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी आल्यापासून आईने जमिनीला पाय टेकवला नव्हता. "पुन्हा पडले तर?" एवढंच तिचं पालुपद! आणि चालल्या नाहीत तर अंथरुणाला खिळतील, असं सर्जनने बजावलेलं!

थोरल्याने चंग बांधला. जखमेचे टाके काढणारी नर्स, चालायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट आणि आपल्या दवाखान्यात हाडांचा ठिसूळपणा तपासणारे डॉक्टर, तिघांना फोन केले. तिघांनी विचारलं, "कधी?" तिघांनाही तो म्हणाला, "मंगळवारी दहाला!"

घोळ बायकोच्या लक्षात आला. "अहो, तिघं एकदम? आईंची रस्सीखेच करायचीय का?"

थोरल्याने तडक नर्सला नको म्हणून कळवलं. मदत म्हणून बायकोने फिजिओथेरपिस्टला नको सांगितलं. आणि कोणालाच न विचारता त्याच्या धाकट्या बहिणीने डॉक्टरांची वेळ रद्द केली!

मंगळवारी दहा वाजले. दारात चिटपाखरू नाही! मग घरातल्या तिघांचे फोन सुरू झाले. "या हो, आत्ताच्या आत्ता या!"

अकराला सगळे हजर. "आधी टाके," नर्स म्हणाली. "आधी चालणं," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. डॉक्टरांकडे न्यायला आलेला टॅक्सीवाला खालून ओरडत होता, "आधी गाडीत बसा, मागे रांग लागलीय!" दोन्ही कानांना दोन फोन लावून थोरला भोवऱ्यासारखा गरगरत होता.

गरगरता गरगरता त्याने आईच्या खोलीत डोकावलं. पलंग रिकामा!

"आई!" तो पॅसेजमध्ये धावला. मागोमाग सगळी वरात.

बाथरूमच्या दाराशी, वॉकर घट्ट धरून, थरथरत आई उभी होती. स्वतःच्या दोन पायांवर!

"आई, तू चाललीस?" थोरल्याने दोन्ही फोन कानांवरून खाली घेतले.

"मग काय करू? अर्धा तास हाका मारतेय, एकालाही ऐकू जाईना!"

"शाब्बास आजी!" फिजिओथेरपिस्ट तिच्याजवळ धावली. थोरल्याने डोळे पुसले, घसा खाकरला आणि बाथरूमच्या दारातच उभा राहून सगळ्यांकडे वळला. "बघितलंत? नीट नियोजन केलं की..."

"नियोजन खड्ड्यात घाल!" आई कळवळली. "आधी दारातून बाजूला हो!"