मास्तरांना सापडलेला जड कण

"सापडला! चौदा वर्षांनी सापडला! आज दुपारी बैठकीत बॉम्बच टाकतो!" मास्तरांनी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं.

बायकोने त्यांच्या कपाळावरचा चष्मा खाली ओढून नाकावर बसवला. "हा कधीचा शोधत होतात ना?"

मास्तर हे त्यांचं प्रयोगशाळेतलं टोपणनाव. कण एकमेकांवर आदळवायचे आणि त्या ठिकऱ्यांत जड लेप्टॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा आजवर कोणी न पाहिलेला वजनदार भाऊ, हुडकायचा हे त्यांचं काम. भाऊ काही हाती लागत नव्हता. यंदाही नाही लागला तर गट गुंडाळायचा, असं संचालकबाईंनी बजावलं होतं. आणि परवा टकरींच्या नोंदींच्या आलेखावर उंचवटा, म्हणजे नव्या कणाची खूण, आला. भरदार, अगदी हवा तिथेच!

बैठकीत संचालकबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "खोट्या नोंदी तर नाहीत ना?"

प्रश्न रास्त होता. गट जागा आहे की पेंगतोय हे बघायला दरवर्षी एकजण खऱ्या नोंदींत गुपचूप थोड्या खोट्या मिसळायचा आणि त्यांची यादी पाकिटात बंद करून ठेवायचा. तो चिठ्ठ्या टाकून ठरे, त्यामुळे त्याचं नाव फक्त त्यालाच ठाऊक असे.

"यंदा ज्याने मिसळल्या, त्याने हात वर करावा!" मास्तरांनी फर्मावलं.

चाळीस माणसं. एकही हात नाही. मास्तरांनी सगळ्या रांगा दोनदा तपासल्या.

"म्हणजे यंदा मिसळल्याच नाहीत! कण खरा आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालकबाईंनी चक्क डोळे पुसले. तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. तो कायम स्पीकरवर असे, कारण स्पीकर बंद करायचं बटण मास्तरांना सापडलं नव्हतं.

"अहो, तुमचा जाड कोट धुवायला काढलाय. खिशात पाकीट आहे. वर लिहिलंय, 'खोट्या नोंदी. अत्यंत गुप्त. विसरू नये.'"

"अक्षर कोणाचं आहे?"

"तुमचंच! दुसऱ्या कोणाचं इतकं वाईट आहे?"

मास्तरांना मार्च महिना आठवला. चिठ्ठी आठवली. त्याच दुपारी काढलेली अक्कलदाढ आणि तिच्या गोळ्यांची गुंगीही आठवली. त्यांनी सावकाश हात वर केला.

 मग संचालकबाईंनी वही मिटली. "गट जागा आहे, एवढं सिद्ध झालं. एक वर्ष वाढवून देते. पण मास्तर, तुमचं नाव यापुढे चिठ्ठ्यांत नको."

"अहो, ऐकताय ना?" फोन अजून चालूच होता. "चौदा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी सापडलं, आणि तेही मलाच!"