गाजरवाल्याची पाटी

जावईबुवा भाषाशास्त्राचे प्राध्यापक. अरबी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत वाढलेल्या माणसांचं डोकं शब्द कसे फोडतं, हे त्यांचं संशोधन. सासरची सगळी मंडळी घरात अरबी, बाहेर इंग्रजी बोलणारी. म्हणजे प्रयोगाला घरबसल्या माणसं! पण सासरे काही केल्या प्रयोगशाळेत यायला तयार होईनात.

"अगं, सगळा साच्यांचा खेळ आहे!" जावईबुवा बायकोला म्हणाले. "इंग्रजीत शब्दाला मागून शेपूट जोडायचं. अरबीत तीन व्यंजनांचा सांगाडा घ्यायचा आणि त्यात स्वर भरायचे. खुब्झ म्हणजे पाव, खब्बाझ म्हणजे पाववाला. साचा हातात आला की भाषा खिशात!"

"साचा ठीक आहे रे," बायको म्हणाली, "हात तुझा आहे, त्याची भीती वाटते."

त्यातच निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी अरबी वस्तीत गाजराच्या रसाचं दुकान काढायचं ठरवलं. जावईबुवांनी पाटीचं काम हौसेनं अंगावर घेतलं. पाटी बघून सासरे खूश झाले की प्रयोगाला नक्की बसतील! जझर म्हणजे गाजर. घातलं साच्यात, निघालं जझ्झार. गाजरवाला! बायकोलाही न दाखवता त्यांनी पेंटरकडून हातभर उंच अरबी अक्षरं काढून घेतली.

उद्घाटनाला पडदा सरकला. टाळ्यांसाठी वर गेलेले हात वरच राहिले.

"जावईबापू, हे तुम्ही लिहिलंत?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो बाबा! अगदी मुळापासून!"

तेवढ्यात एक आजी आल्या. त्यांनी पाटी वाचली, मग काउंटरवरचे लालभडक ग्लास पाहिले. रसात बीटही होतं.

"हे... कशाचं?"

"ताजं आहे आजी!" जावईबुवा पुढे सरसावले. "आत्ताच तुमच्यासमोर काढलंय!"

आजी अशा पळाल्या की त्यांची काठी दुकानातच राहिली! मागोमाग एक गृहस्थ पिशवी उघडून म्हणाले, "मांडीचं द्या. चरबी काढून."

बायकोनं नवऱ्याची बाही ओढली. "अरे, जझ्झार म्हणजे खाटीक!"

"पण साचा तर बरोबर आहे!"

"बरोबरच आहे. त्यात आधीपासून खाटीक बसलाय!"

जावईबुवांचा चेहरा गाजराहून लाल झाला. सासऱ्यांनी स्टूल ओढलं, वर चढून पाटीवर पडदा पुन्हा ओढला आणि तिथेच, स्टुलावर उभ्या उभ्या, पोट धरून हसायला लागले.

पुढच्या आठवड्यात ते आपण होऊन प्रयोगशाळेत आले. सोबत भाऊ, भावजया, मेहुणे, सगळा गोतावळा! जावईबुवांना गहिवरून आलं. त्यांनी सासऱ्यांना संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं.

"बाबा, समोर शब्द येईल. खरा असेल तर हिरवं बटण दाबायचं, बनावट असेल तर लाल."

सासऱ्यांनी चष्मा पुसला. टेबलाच्या वर पाहिलं, खाली वाकून पाहिलं.

"काय शोधताय, बाबा?"

"तिसरं बटण," सासरे गंभीरपणे म्हणाले. "जावयाचा शब्द आला तर कुठलं दाबायचं?"