सोमाजीमामांची कमान

सोमाजीमामांच्या अंगणात मोटारीची कमान उतरवायची असली, की कोंबड्यासुद्धा डाल्याखाली झाकल्या जात.

"हटा बा, हटा! कमान उतरून राहिली!" असे ओरडत मामा सगळ्यांना कुंपणाबाहेर काढत. मामा आता नाहीत. त्यांची आठवण आली की मला आधी ती आरोळीच ऐकू येते.

ते आमच्या जंगलपट्टीतल्या गोरेगावजवळचे लहानसे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार. मोटार जंगल खात्याच्या एका साहेबाकडून घेतलेली, जुनी. चाकांच्या वर दणके झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी; ताणलेली पट्टी अवचित सुटली तर उसळून माणसाचे हाड मोडणारी.

शेजारी कुंपणावरून विचारी, "मालगुजार, मोटार आहे का मारकी म्हैस?"

"म्हैस मारायच्या आधी मान तरी हालवते," मामा म्हणत. "कमान काहीच सांगत नाही."

आधी मोटारीचा सांगाडा सागाच्या ठोकळ्यांवर चढवून चाक लोंबते ठेवायचे. "पयले वजन उतरव, मग हात लाव," हे त्यांचे पालुपद. मग बैलाच्या दाव्याने पट्ट्या आवळायच्या आणि बाजूला उभे राहून मधला बोल्ट हळूहळू ढिला करायचा. पट्ट्यांना ग्रीस चोळताना मात्र मामांचा आवाज उतरे. "बाई, रागावू नको. झालंच आता." मामी वारल्यापासून घरात बोलायला दुसरे कोणी नव्हते.

एका हिवाळ्यात कमानी फारच वेळा उतरू लागल्या.

"काऊन, मामाजी?" मी विचारले.

"यमू येणार आहे."

यमू त्यांची एकुलती लेक, प्रतापगडाकडे दिलेली. पहिले बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत.

"पोटुशी पोर. रस्ता पाहिला का तू? तिले दणका लागला नाही पायजे."

तिला आणायला जाताना मामांनी मला सोबत घेतले. व्याह्यांच्या दारात उतरल्या उतरल्या त्यांनी मोटारीचा मागचा भाग दाबून दाखवला. "पाहा, कशी लवते! पाळणा आहे, पाळणा!"

यमूच्या सासूबाईंनी पदर सावरला. "मोटार बेस आहे, इवाई. पण घरी बाईमाणूस कोण आहे? पोरीचं बाळंतपण कोण करल?"

मामांनी मोटारीवरचा हात काढून घेतला. कमानीचा त्यांनी सगळा विचार केला होता. याचा केलाच नव्हता.

यमू दाराआड उभी होती. "बाबाजी, जेवून जा," एवढेच म्हणाली.

जेवण झाले. निघताना यमू दारातच राहिली. मी पुढे, मामांच्या शेजारी बसू लागलो.

"मागे बस बा," मामा म्हणाले. "रिकामी गाडी लय आदळते."