बेडकाच्या चामखिळी

"चामखिळी? दहा मिनिटांत उगवतील," असं लाइल पेनरने सोमवारी सगळ्यांसमोर ठोकून दिलं होतं. आज गुरुवार उजाडला, तरी व्हँकुव्हरमधल्या त्या स्टुडिओच्या पडद्यावरचा महाबेडूक अजून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता.

युक्ती तशी साधी. बेडकाच्या अंगावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं चित्र पांघरायचं, संगणकाला सांगायचं की पांढरं ते उंच, काळं ते खोल, आणि एका बाजूने खोटा उजेड सोडायचा. उंचवटा नसतोच, नुसती सावली असते. लाइलची नोकरीही साधारण तशीच होती. करार उद्या संपत होता.

"तीन वाजता ॲम्ब्रोज बघणार," त्याची वरिष्ठ रोझलिन म्हणाली. "बेडूक पास झाला तर तू राहशील. नाहीतर बेडूक परत त्याचा आकार घडवणाऱ्या मॉडेलवाल्यांकडे आणि तू घरी."

पावणेतीनला चामखिळी उगवल्या. रोझलिनने पाहिलं आणि चष्मा काढला.

"लाइल, हे खड्डे आहेत."

"फोड आहेत."

"मफिनचा साचा आहे हा. पीठ ओतायचं तेवढं बाकी आहे."

"गोष्टीत शेकोटी खाली आहे ना, म्हणून उजेड खालून दिलाय. नियमाने बरोबर आहे."

"नियमाने असेल. डोळ्यांना सूर्य वरच लागतो. खालून उजेड दिलास की फोडाचा खड्डा दिसतो. फिरव."

लाइलने उजेड वर नेला. झटक्यात सगळ्या खड्ड्यांचे फोड झाले. तीनला दोन मिनिटं कमी होती.

तेवढ्यात दिग्दर्शक ॲम्ब्रोज आला. म्हणजे दोघांनी धरून आणला. रविवारी गाडीच्या टपावर चढवायला होडी डोक्यावर घेताना त्याच्या पाठीत चमक भरली होती. तो गालिच्यावर उताणा झाला, पाय सोफ्यावर टाकले, डोकं पडद्याकडे केलं आणि कपाळावरून मागे बघू लागला.

"चित्र उलटं करून दाखवू का?" रोझलिनने विचारलं.

"तीस वर्षं सिनेमे काढतोय. मला उलटंही कळतं."

चित्र सुरू झालं.

"माझ्या बेडकाला," ॲम्ब्रोज सावकाश म्हणाला, "गोळ्या कोणी घातल्या?"

लाइलने गालिच्यावरच्या उलट्या डोक्याकडे पाहिलं. रिकाम्या खुर्चीकडे बघावं तशी रोझलिन त्याच्याकडे बघत होती. त्याने एक बटण दाबलं आणि उजेड पुन्हा खाली नेला.

खोलीतल्या सगळ्यांना मफिनचा साचा दिसला. गालिच्यावर मात्र, जिथून खालचं वर दिसत होतं, ॲम्ब्रोजचा चेहरा उजळला.

"याला म्हणतात चामखीळ! हात लावून बघावंसं वाटतं. पास. उरलेल्या चाळीस शॉट्सनाही अगदी अशाच लावा."

त्याला उचलून नेल्यावर रोझलिन हळूच म्हणाली, "आता त्याला सांगणार कोण?"

"उभा राहिला की त्याचं त्यालाच दिसेल."

डॉक्टरांनी ॲम्ब्रोजला आठ आठवडे आडवं राहायला सांगितलं होतं. लाइलचा करार आठ आठवड्यांनी वाढला. संध्याकाळी त्याने ॲम्ब्रोजला फुलं पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं: उठायची घाई करू नका.